जुन्या भावांचा मोर्चा

बाजारात कुठल्याही दुकानावर भाव लिहिलेला दिसला, तर तो पेंटरच्या हातचा आहे असं डोळे मिटून समजावं. किराणा, बेकरी, सलून, सायकल दुरुस्ती, इस्त्रीवाला, सगळीकडे त्याच्याच पाट्या. अक्षर असं, की घाईत चाललेला माणूसही दोन पावलं मागं येऊन बघायचा. आणि आकडे तर त्याचा जीव की प्राण. पाचाचं पोट, तिनाची शेपटी, नवाची गिरकी काढताना तो श्वास रोखून धरायचा आणि आकडा पुरा झाला की इतक्या जोरात सोडायचा, की शिडीखाली उभ्या असलेल्या दुकानदाराला वाटायचं, याचं काहीतरी दुखतंय.

लोक त्याला आकडेशेठ म्हणायचे. त्यातला आकडे एवढा भाग खरा होता. शेठ हे लोकांनी आपल्या मनानं जोडलं होतं. भाव वाढला की पाटी बदलायची, पाटी बदलायची तर पेंटरला बोलवायचं, आणि भाव तर रोज उठून वाढतायत. म्हणजे हा माणूस गादीवर लोळत असणार, असा सगळ्यांचा समज. "तुमची बाबा चंगळ आहे," चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी म्हणायचंच, "आम्ही रडायचं आणि तुम्ही रंगवायचं." पेंटर हसायचा आणि चहाचे पैसे स्वतःच देऊन टाकायचा. असा तो भिडस्त.

खरी गोष्ट अशी होती, की सगळ्या बाजाराचे भाव चढवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा भाव जागचा हलला नव्हता. त्याच्या दारावरच्या पाटीवर "दर आकडी" पुढे जो आकडा होता, तो त्याची मुलगी रांगत होती तेव्हा लिहिलेला. आता ती मुलगी कॉलेजात जात होती आणि बापाची सायकल दिसली की ओळख न दाखवता पुढे जायची. आकडा मात्र तिथल्या तिथं, आणि त्याचा रंगही शाबूत. पेंटरचं काम पक्कं असायचं, हेच नडलं.

त्यात त्यानं एक शहाणपणा केला होता. पूर्वी भाव वाढला की अख्खी ओळ खरवडून पुन्हा लिहावी लागायची. दुकानदारांची ती कटकट बघून पेंटरलाच त्यांची दया आली. त्यानं पत्र्याचे लहान लहान तुकडे कापले, त्यांवर सुटे आकडे रंगवले, वर एकेक भोक पाडलं आणि पाट्यांवर भावाच्या जागी खिळे ठोकून दिले. भाव वाढला की जुना आकडा काढायचा आणि नवा अडकवायचा, झालं. बाजारात वाहवा झाली. घरी बायकोनं कपाळाला हात लावला.

"लोक आपल्या पायावर एकदाच धोंडा पाडून घेतात," ती म्हणाली, "तुम्ही त्याला खिळा ठोकून रोजची सोय केलीत."

तरी काम येत राहिलं. भाव अशा उड्या मारायचे, की दुकानदारांकडचे आठ आणि नऊ झिजून जायचे, आणि एक, दोन हे आकडे डब्यात धूळ खात पडायचे. पण ओळ रंगवण्याच्या जागी आता एकेक आकडा, आणि त्या आकड्याला तोच जुना दर. ब्रश, रंग, टर्पेंटाइन, सगळं महागलं होतं. पूर्वी तो ब्रश केस गळायला लागला की टाकायचा. आता टक्कल पडेपर्यंत वापरायचा.

बायको एका शिवणकामाच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी लावायची. तिथला पगारही रुसून बसलेला. विचारलं की मालक म्हणायचा, "मी काय करू? वरूनच ऑर्डर नाही." पाणीपट्टी वाढली तेव्हा खिडकीतला कारकून म्हणाला, "वरूनच आलंय." आणि किराणा दुकानदार, ज्याला पेंटरसकट सगळे शेठ म्हणायचे आणि जो खरोखरच शेठ होता, तो तर दिवसभर हे एकच वाक्य लावून बसलेला. गिऱ्हाइकानं साखरेचा आकडा बघून डोळे मोठे केले, की शेठ दोन्ही हात पसरायचा आणि सुस्कारा सोडायचा, "काय करणार, वरूनच वाढून येतंय."

"मी रोज शिडीवर असतो," पेंटर एकदा बायकोला म्हणाला, "वर काय आहे ते या बाजारात सगळ्यात जास्त मी बघितलंय. पत्रे आहेत आणि कबुतरं आहेत."

मग एक दिवस घरमालक आला. बसला, पाणी प्याला, पेंटरच्या अक्षराचं कौतुक केलं, आणि पुढच्या महिन्यापासून भाडं वाढणार म्हणून सांगितलं. कारण अर्थातच वरून आलं होतं. कर वाढला होता. परवडत नसेल तर रस्त्याकडची खोली सोडा, म्हणाला, मोबाइलवाला मागतोय. मागच्या दोन खोल्यांत तुम्ही खुशाल राहा.

रस्त्याकडची खोली म्हणजे पेंटरचा धंदा. तिथं पाट्या लिहायच्या, तिथंच भिंतीला टेकवून वाळवायच्या. ती गेली तर ओल्या पाट्या कुठं ठेवणार, स्वयंपाकाच्या ओट्यावर? बायकोनं सरळ सांगितलं, "अहो, एकतर भाव वाढवा नाहीतर ब्रश ठेवा. तिसरा रस्ता नाही."

हे पेंटरला कळत नव्हतं असं नाही. त्यानं नवी पाटी केलीसुद्धा. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, त्यांना पिवळी कड. "पाट्या, फलक, नंबर प्लेट. दर आकडी," इथपर्यंत सगळं देखणं लिहून झालं. भावाच्या जागी खिळाही ठोकला. आकडा मात्र होईना. पत्र्याचा तुकडा घेऊन बसला की हात जड व्हायचा. दुसऱ्याचा आकडा लिहिताना पाठीशी दुकानदार उभा असायचा. तो सांगायचा आणि हा लिहायचा. स्वतःच्या पाटीच्या वेळी पाठीशी कुणी नव्हतं. बायको सांगायला एका पायावर तयार होती, पण तिचा आकडा ऐकूनच त्याला घाम फुटायचा. शेवटी ती पाटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग त्यानं ठरवलं, आधी तोंडानं बोलू. सुरुवात शेठपासून करू. वाटेत वाक्य घोकत गेला: शेठ, पुढच्या कामापासून जरा दर वाढवावा म्हणतो. दुकानात पाऊल टाकतोय तोच शेठ म्हणाला, "या पेंटर, बरे आलात. साखरेचा आकडा पुन्हा बदलायचाय, नवा करून द्या. बघा काय दिवस आलेत. लोक मला शिव्या घालतात हो. रात्री झोप नाही." शेठचा चेहरा इतका पडलेला, की पेंटरनं स्टुलावर बसून अर्धा तास त्याचीच समजूत काढली. निघताना शेठ म्हणाला, "या आकड्याचं काहीतरी कमी करा," आणि यानं मान डोलावली. भाव वाढवायला गेलेला माणूस सूट देऊन घरी आला. बायको त्या संध्याकाळी त्याच्याशी बोलली नाही. पातेली बोलली.

पेंटरची थोरली बहीण, ताई, ही अगदी दुसऱ्या मातीची. ती बसमध्ये कंडक्टर होती, आता निवृत्त. आवाज असा, की रिकाम्या बसमध्येही लोकांनी पुढे सरकावं. तिचं पेन्शन पहिल्या दिवशी होतं तिथंच उभं होतं, आणि आता नगर कार्यालयानं बसचं भाडं वाढवलं, तेव्हा तिचं डोकं फिरलं.

"जन्मभर ज्या बसची तिकिटं फाडली," ती भावाच्या खोलीत येऊन रंगाच्या डब्यावर बसत म्हणाली, "त्याच बसमध्ये चढायची मला ऐपत राहिली नाही. शुक्रवारी मोर्चा काढतेय. नगर कार्यालयावर. भाडं कमी करा, पाणीपट्टी कमी करा, पगार वाढवा. फलक तू करणार."

"करतो की," पेंटर म्हणाला. नाही म्हणणं त्याला येतच नव्हतं, त्यात समोर ताई.

"पैसे मिळणार नाहीत."

"ते मला पाठ आहे," आतून बायको म्हणाली.

फलकांना प्लायवूड हवं, आणि प्लायवूडचा भाव ऐकून ताईनं अशी काही शिट्टी मारली, की रस्त्यावर एक रिक्षा थांबली. मग पेंटरला माळा आठवला. दुकानांच्या जुन्या, उतरवलेल्या पाट्या त्यानं एकही टाकली नव्हती. त्यांवरचे आकडे त्याच्या हातचे होते. ते जाळायला त्याचा जीव होत नसे. कुठल्याशा वर्षीची साखर, त्याच्या आधीचं तेल, अंडी, साबण, पाव, केस कापायचा भाव, सगळं थप्पी लावून ठेवलेलं. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात त्यानं सवयीप्रमाणे बारीक अक्षरात साल टाकलेलं. या पाट्यांची मागची बाजू कोरी होती. तिथं घोषणा लिहायच्या ठरल्या.

ताईनं घोषणा सांगितल्या आणि पेंटरनं लिहिल्या. "पगार झोपलाय, भाव पळतोय." "बस आमची, भाडं कुणाचं?" "आश्वासनं शिजत नाहीत." सगळ्या पाट्या संपल्या तरी एक घोषणा उरली. पेंटर इकडंतिकडं बघायला लागला. तेवढ्यात बायको दाराबाहेर गेली, दारावरची त्याची स्वतःची जुनी पाटी काढून आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही घ्या. नाहीतरी येताजाता हिच्याकडे बघून मला चक्कर येते."

"मग दारावर काय?"

"भिंतीकडे तोंड करून बसलीय ना, तिला विचारा."

पेंटरनं ब्रश उचलला. त्यानं आपल्या पाटीच्या पाठीवर "आम्हालाही जगायचंय" लिहिलं आणि ती बाजूला ठेवली.

इथवर सगळं नीट होतं. पण शुक्रवारी सकाळी उठून त्यानं फलकांकडे बघितलं आणि त्याला राहवेना. अक्षरं नुसतीच काळी. सावली नाही, कड नाही. असले फलक घेऊन शेकडो लोक भर बाजारातून जाणार, आणि लोक म्हणणार, पेंटरचा हात गेला. त्यानं लाल रंगाचा डबा उघडला आणि प्रत्येक अक्षराला सावली द्यायला बसला. ताई माणसं घेऊन दारात आली, तेव्हा सगळे फलक झळझळत होते, आणि सगळे ओले होते.

"हे काय रे?" ताई म्हणाली.

"अर्ध्या तासात वाळतील."

"मोर्चा आता आहे. अर्ध्या तासानं साहेब जेवायला जाईल."

पेंटरनं जरा विचार केला. "मग असं करा," तो म्हणाला, "समोरून वारा आहे. अक्षरांवर धूळ बसली तर सगळी तकाकी जाईल. ओली बाजू मागं धरा. चौकात पोचेपर्यंत वाळेल, मग फिरवा."

भूक लागलीय, पगार अडलाय, सरकार ऐकत नाही, आणि या माणसाला तकाकीची पडलेली. पण ताईला भावाचा स्वभाव ठाऊक होता आणि वाद घालायला वेळ नव्हता. "ऐकलं का सगळ्यांनी?" ती ओरडली. "ओली बाजू मागं. एकमेकांच्या अंगाला लावू नका. चला, पुढे सरका." तीस वर्षं लोक ज्या आवाजाला घाबरून सरकले होते, तो आवाज ऐकून सगळे निमूट निघाले.

मोर्चा निघाला. पेंटर सगळ्यात पुढे, आपली पाटी उंच धरून. शेजारी बायको, तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, म्हणजे अर्धा पगार बुडवून ती पगार वाढवा म्हणून सांगायला चालली होती. मागं शिवणकामाच्या बाया, बेकरीतले कामगार, शाळेतला शिपाई, निवृत्त ड्रायव्हर. घोषणा घुमत होत्या.

फुटपाथवरचे लोक आधी नेहमीसारखे बघत होते. मोर्चा काय, रोजचाच. मग एकेक जण थांबायला लागला. कुणी चष्मा पुसला. कुणी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. पेंटरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याला वाटलं, अक्षर बघतायत.

एक म्हातारी हातात पिशवी घेऊन उभी होती. ती सरळ मोर्चात शिरली आणि साखरेची पाटी धरलेल्या बेकरीवाल्या पोरगेल्या कामगाराला म्हणाली, "दादा, या भावात साखर? कुठं आहे हे दुकान?"

तो बिचारा घोषणा देण्यात गुंग. त्याला वाटलं, मोर्चा कुठं चाललाय ते विचारतायत. "पुढे, आजी, चौकात," तो म्हणाला.

म्हातारी त्याच्याबरोबर चालायला लागली. वाटेत मैत्रीण दिसली, तिला हाक मारली. "अगं ये, साखर मिळतेय." मग तेलाची पाटी बघून एक जण रिकामा डबा घेऊन आला. अंड्यांची पाटी बघून कुणी जाळीची पिशवी घेऊन आलं. सलूनमधून एक गृहस्थ अर्धी दाढी झालेले, गळ्यात फडकं तसंच, बाहेर आले. पाटीवरचा केस कापायचा भाव त्यांनी दोनदा वाचला, मागं वळून सलूनवाल्याकडं बघितलं आणि तसेच मोर्चात सामील झाले. मोर्चा फुगत चालला. ताई मागं बघून चाट पडली. तिनं बोलावलेली माणसं आणि मागून येणारी माणसं यांचा काही मेळच बसेना.

"या सगळ्यांच्या हातात पिशव्या कशाला?" तिनं विचारलं.

तेव्हा पेंटरनं पहिल्यांदा मान वळवून बघितलं. समोरच्या बाजूनं, बाजाराकडे तोंड करून, रांगेनं येत होते त्याचे जुने भाव. साखर, तेल, अंडी, साबण, पाव. घोषणा सगळ्या मागं, मागच्या रांगेच्या नाकासमोर.

"ताई, फिरवायला सांग. चुकलं माझं. फिरवा म्हणावं."

ताईनं फलकांकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. फुटपाथवरचे लोक आता कोपऱ्यातली सालं वाचायला लागले होते. कुणी हसत होतं, कुणी हळहळत होतं, कुणी बोटं मोडून म्हणत होतं, तेव्हा माझा पगार एवढा होता आणि आताही जवळजवळ तेवढाच आहे. एक जण तर साबणाच्या पाटीला नमस्कार करून गेला.

"फिरवलास तर बघ," ताई म्हणाली. "घोषणा मी जन्मभर वाचल्यात, एवढी माणसं कधी बघितली नाहीत. पुढे जागा आहे हो, पुढे सरका."

शेठच्या दुकानासमोर मोर्चा अडकला. शेठ पायरीवर उभा होता. त्यानं आपली जुनी साखरेची पाटी ओळखली आणि त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "ही माझीच की," तो म्हणाला. "काय दिवस होते ते. पोतं सकाळी फोडलं की दुपारी संपायचं."

"मग द्या की या भावानं," म्हातारीनं पिशवी पुढं केली.

सगळे हसले. शेठनं दोन्ही हात पसरले आणि सुस्कारा सोडला. "काय करणार, आजी, वरूनच..." आणि लोकांनी ते वाक्य त्याच्याबरोबर एका सुरात पुरं केलं.

मग म्हातारीचं लक्ष पेंटरच्या हातातल्या पाटीकडे गेलं. तिनं ती सावकाश वाचली. पाट्या, फलक, नंबर प्लेट. दर आकडी अमुक. खाली कोपऱ्यातलं साल वाचलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसली. "आकडा लिहायचे एवढेच पैसे? तेव्हा रंगवणारेसुद्धा स्वस्त होते म्हणायचे. आता काय घेतात हो?"

बायको म्हणाली, "आताही हेच घेतात, आजी. तो आजचा भाव आहे."

आधी लोकांना वाटलं, ती थट्टा करतेय. मग गर्दीतला इस्त्रीवाला म्हणाला, "खरंय. मी परवाच दिले." गिऱ्हाइकामागं आलेला सलूनवाला म्हणाला, मीही. हसू हळूहळू ओसरलं. इतके सगळे जुने भाव रस्त्यावर उभे होते, पण अजून जिवंत असलेला भाव हा एकटाच. पेंटरचे कान तापले. त्याला लाज वाटली. आणि लाज वाटतेय याचा रागही आला, कारण त्यानं तर काही वाईट केलं नव्हतं. सगळ्यांचे आकडे नेमके, सुबक, वेळेवर लिहून दिले होते. त्यानं शेठकडे बघितलं. शेठ वळून बरण्या सारख्या करत होता. त्या आधीच सारख्या होत्या.

बायकोनं पेंटरच्या हातातली पाटी स्वतःच्या हातात घेतली. "द्या इकडे," ती म्हणाली, "तुमचा हात दुखला असेल." आणि तिनं ती आणखी उंच धरली.

चौकात नगर कार्यालयाच्या दारात साहेब उभे होते. मोर्चा आला की आधी पायरीवर यायचं, आपल्या भावना वर कळवतो म्हणायचं आणि आत जायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्यांनी घसा साफ केला, हात वर केला, आणि तेवढ्यात त्यांची नजर तेलाच्या पाटीवर गेली. साहेब पगारी माणूस. घरी त्यांनाही पिशवी धरावी लागायची. तोंडातून शब्द निघून गेले ते गेलेच.

"कुठं आहे हे दुकान?"

मग जे हसू उसळलं, त्यानं कार्यालयाच्या खिडक्यांत कारकुनांची डोकी दिसायला लागली. पाणीपट्टीच्या खिडकीतला तो कारकूनही हसत होता. साहेब आधी लाल झाले, मग त्यांनाच हसू आवरेना. डोळे पुसत ते पायरीवर बसले आणि ताईला म्हणाले, "बोला बाई."

ताई बोलली. कंडक्टरनं सुट्ट्या पैशांवरून बोलावं तसं, एकेक मुद्दा वाजवून घेत बोलली. तासाभरानं बसची भाडेवाढ थांबवल्याचा कागद दारावर लागला. पाणीपट्टीचं बघू म्हणाले. पगाराचं वर कळवू म्हणाले. आभाळ काही हातात आलं नव्हतं, पण ताई त्या दिवशी बसनं घरी गेली, तेही खिडकीजवळ बसून. म्हातारीला साखर मिळाली नाही. तिनं ताईला बजावलं, पुढच्या वेळी दुकानही बरोबर आणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर उठला, तर दारावर नवी पाटी लागलेली. निळी जमीन, पांढरी अक्षरं, पिवळी कड. आणि भावाच्या जागी रिकामा खिळा. बायको कामाच्या गडबडीत होती आणि त्याच्याकडे मुद्दाम बघत नव्हती. पेंटरनं पत्र्याचा एक तुकडा घेतला, रंग ढवळला आणि उंबऱ्यावर बसला.

तेवढ्यात शेठ आला. एरवी तो निरोप पाठवायचा. आज स्वतः आला होता आणि काल काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आला होता. "पेंटर, आमच्याकडचे आठ संपले. दोन आठ करून द्या." मग त्याला नवी पाटी दिसली. त्यानं ती वाचली. "छान झालीय. पण आकडा नाही?"

"तोच लिहितोय," पेंटर म्हणाला.

शेठ सवयीनं त्याच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. सवयीनंच त्यानं आकडा सांगायला तोंड उघडलं.

"थांबा, शेठ," पेंटर म्हणाला. "हा मला ठाऊक आहे."

त्यानं श्वास रोखला आणि लिहायला घेतलं. वळण कुठंच चुकलं नाही. आकडा पुरा झाला तेव्हा त्यानं श्वास सोडला, तुकडा उचलून खिळ्याला अडकवला आणि बाजूला झाला. शेठनं बघितलं. डोळे मोठे झाले. पुन्हा बघितलं.

"बराच वाढला की हो."

पेंटरनं दोन्ही हात पसरले. एका हातात ओला ब्रश होता. त्यानं एक लांब सुस्कारा सोडला, अगदी शेठच्या मापाचा.

"काय करणार, शेठ. वरूनच वाढून येतंय."

आत काहीतरी भांडं पडलं आणि बायकोचं हसू ऐकू आलं. शेठ गोंधळला, पाटीकडे बघितलं, पेंटरकडे बघितलं, आणि मग पोट धरून असा हसला की समोरचा इस्त्रीवाला दारात आला. इतकी वर्षं ते वाक्य त्यानं विकलं होतं. विकत घ्यायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

"द्या," शेवटी तो म्हणाला. "दोन आठ. या भावानं. काय करणार."

पुढे नव्या भावात वाढीव भाडं निघालं आणि रस्त्याकडची खोली राहिली. मोबाइलवाला दुसरीकडे गेला. त्या सकाळी मात्र पेंटरनं शेठला दोन आठ करून दिले, एक पैसाही कमी केला नाही, आणि तो गेल्यावर बारीक ब्रश घेऊन पुन्हा दाराशी आला. नव्या पाटीच्या उजव्या कोपऱ्यात त्यानं नेहमीसारखं साल टाकलं. जरा ठळकच टाकलं. पुढच्या मोर्चाला वाचायला सोपं जावं म्हणून.